वाचक विचारतात: सीमा, खाड्या आणि नकाशे

प्र. वर्धा नदीने काठ कापला की आमचं रान जातं, सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र तेवढंच. दोन देशांमधली नदी सरकली तर सीमाही सरकते का? (वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उ. आधी करार पाहतात. करार गप्प असेल तर नियम असा: नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्यासोबत जाते, एका पुरात एकदम पात्र सोडलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. भांडण होतं ते ‘हळूहळू’ की ‘एकदम’ यावर. रिओ ग्रांदे नदीवरून अमेरिका आणि मेक्सिको असेच दशकानुदशके भांडले. १९६३ च्या करारानंतर एल पासोपाशी नदीच काँक्रीटच्या पात्रात बांधून टाकली.

प्र. सर क्रीकमध्ये ना शेती ना वस्ती. मग भारत-पाकिस्तानचा वाद कशापायी? (वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उ. चिखलापेक्षा खाडीच्या मुखाला महत्त्व आहे. कच्छ आणि सिंधमधली ही खाडी सुमारे ९६ किलोमीटर लांब. १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावासोबतच्या नकाशात हिरवी रेघ पूर्व काठाने जाते, म्हणून पाकिस्तान म्हणतो, सगळी खाडी आमची. भारत म्हणतो, सीमा खाडीच्या मधोमध. पुरावा म्हणून तो १९२५ चा नकाशा आणि सीमेचे खांब दाखवतो. शिवाय जहाजं चालतील अशा पाण्यात सीमा सर्वांत खोल प्रवाहातून धरण्याचा दंडक आहे. त्यावर पाकिस्तानचं उत्तर: ही खाडी तशी नव्हेच. भरतीला बोटी चालतात, हे भारताचं प्रत्युत्तर.

जमिनीवरची सीमा मुखाशी जिथे संपते, तिथूनच समुद्रातली रेघ सुरू होते. तो बिंदू हलला की १२ सागरी मैलांच्या (सुमारे २२ किमी) हद्दीपासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या (सुमारे ३७० किमी) मासळी आणि तेल-वायूच्या हक्काची वाटणी हलते. रेघच ठरलेली नसल्याने दोन्हीकडचे मच्छीमार पकडले जातात. २००७ मध्ये संयुक्त सर्वेक्षणही झालं. मोजणी झाली, पण धुरा कुठे घालायचा ते ठरलं नाही, अशी गत.

प्र. थायलंड-कंबोडिया देवळावरून लढतात, हे खरं का? (वाचक, ता. पवनी, जि. भंडारा)

उ. अर्धंच. जुलै २०२५ ची लढाई एका देवळापुरती नव्हती. मूळ गोम अशी की १९०४ च्या करारात सीमा जलविभाजक रेषेने (डोंगरमाथ्यावरून पाणी जिथे दोन बाजूंना वाहतं ती रेघ) ठरली, पण तेव्हा कंबोडियावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी नंतर काढलेल्या नकाशात प्रेह विहेअर मंदिर कंबोडियाकडे आलं. सयामने (थायलंडचं जुनं नाव) हरकत घेतली नाही, उलट नकाशाच्या आणखी १५ प्रती मागितल्या. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात हेच थायलंडला भोवलं. मंदिर कंबोडियाला मिळालं. बाकीच्या हद्दीवर कंबोडिया १:२,००,००० चे जुने नकाशे पुढे करतो, थायलंड १:५०,००० चे. पहिल्यात पेन्सिलीची १ मिलिमीटर रेघ जमिनीवर २०० मीटर होते!

प्र. निकाल न मानणाऱ्या देशाचं काय? (वाचक, जि. गडचिरोली)

उ. फारसं काही नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल सुरक्षा परिषदेकडे नेता येतो, पण तिथे पाच देशांना नकाराधिकार. दक्षिण चीन समुद्राबाबत चीनचा दावा फेटाळणारा १२ जुलै २०१६ चा निकाल तर सागरी कायद्याखालच्या लवादाचा. त्याला तीही वाट नाही.