ऑफ-रोड राइडला अॅक्शन कॅमेरा नेमका कुठे लावावा? हँडलबारवरचं फुटेज फार थरथरतं.

हँडलबारवरून काढाच. इंजिनाची आणि खड्ड्यांची थरथर थेट लेन्सपर्यंत पोहोचते, तिथे स्टॅबिलायझेशनही (कॅमेऱ्याची थरथर कमी करणारी सोय) हात टेकतं. मोटरसायकलवर हेल्मेटच्या हनुवटीवर लावा. मान बरेच धक्के झेलते.

माउंटन बाइकसाठी मला छातीचा पट्टा जास्त आवडतो. ब्रेकवरची बोटं, पुढचं चाक फ्रेममध्ये येतं, वेग जाणवतो. मात्र उतारावर आपण पुढे वाकतो आणि कॅमेरा नुसती जमीन टिपतो. म्हणून पेडलवर उभं राहून, राइडच्याच पवित्र्यात, तो वर तिरका करून घ्या.

दाट झाडीत उजेड कमी पडला की शटर मंदावतं, चित्र फरफटतं. ते नंतर सुधारत नाही. शटर १/२४० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू दे. थोडे दाणे दिसले तरी चालतील.