होल्टर पहिल्यांदाच लावताय? मग एवढं सांभाळा

घाबरू नका, होल्टर म्हणजे अंगावर लावायचं छोटं ईसीजी मशीन, ते लावल्यावर दुखत नाही. ते फक्त २४ किंवा ४८ तास तुमचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, टिपत राहतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डायरी, आणि नेमका तिचाच लोक कंटाळा करतात. छातीत धडधडलं, चक्कर आली की मशीनवरचं बटण दाबा आणि लगेच लिहा: "दुपारी ४.१०, जिना चढताना धडधड, मिनिटभर." संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वेळा रेकॉर्डिंगशी जुळत नाहीत. वेळही मशीनच्या घड्याळाचीच लिहा. धडधडत असताना ठोके नॉर्मल दिसले, तरी डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- छातीला तेल किंवा क्रीम लावून जाणं. छातीला चिकटवलेला वायरींचा पॅच सुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर येते.
- मशीन लावलंय म्हणून दिवसभर पडून राहणं. अहो, रोजचं चालणं, कामं चालू ठेवा. त्रास त्यातच तर पकडायचाय!
- मनानेच गोळ्या बंद करणं. ते डॉक्टरांना विचारूनच.

आंघोळ मशीन लावायच्या आधीच उरकून घ्या.

त्रास महिन्यातून एखाद्या वेळीच होत असेल, तर २४ तासांत तो सापडेलच असं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना तसं सांगा. जास्त दिवस रेकॉर्डिंग करणारे पॅचही मिळतात.

आणि हो, होल्टर फक्त नोंद करतो, मदत बोलावत नाही. छातीत जोरात दुखलं किंवा शुद्ध हरपली तर डायरी राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा.