नदीकाठच्या वाटेवर निघण्याआधी

नुसतं नकाशावरचं अंतर बघून दिवस ठरवू नकोस. या वाटांवर वेळ खातं ते पाणी ओलांडणं. तेवढ्या जागा आधी मोज आणि एक दिवस जास्तीचा धर. तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडला की पाणी चढतं. गढूळ झालं, फांद्या वाहून येऊ लागल्या, की थांबायचं. गुडघ्याच्या वर ओढ असेल तर मी तरी उतरत नाही. उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला हवा, बूट पायातच (अनवाणी उतरणारे हौशी फार भेटतात!). तंबू झुडपांत अडकलेल्या पुराच्या कचऱ्याच्याही वर लाव. रेंजवर विसंबू नकोस. परतायची वेळ घरी लिहून ठेव.