व्हिनेगरमध्ये दिवा मिणमिणता का?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी लेक नववीत आहे. पेन्सिलीतली दोन शिसं, ९ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी, एवढ्यावर तिने घरी प्रयोग मांडला. कोरड्या मिठात दिवा लागला नाही, मिठाच्या पाण्यात लख्ख लागला, साखरेच्या पाण्यात लागला नाही. व्हिनेगरमध्ये मात्र नुसता मिणमिणत राहिला. ती म्हणते, बाटली जुनी असेल. खरं कारण काय?
– एक आई, चिपळूण

उत्तर : बाटलीला दोष देऊ नका. लेकीने चारही वेळा अगदी बरोबर पाहिलं आहे.

आधी मीठ. मिठाच्या खड्यात सोडिअम आणि क्लोराइड आयन, म्हणजे धन किंवा ऋण प्रभार असलेले कण, मुळातच असतात, पण एकमेकांना इतके घट्ट धरून की जागचे हलत नाहीत. आयन हलले तरच वीज वाहते. (८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळलं, की पाण्याशिवायही त्यातून वीज जाते.) पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते, हायड्रोजनकडची किंचित धन. हे रेणू सोडिअमला एका बाजूने वेढतात, क्लोराइडला दुसऱ्या, आणि एकेक आयन खड्यातून सोडवून नेतात. साखरेचे रेणूही पाण्यात सुटे होतात, पण अख्खेच राहतात. त्यांच्यावर प्रभार नाही, म्हणून दिवा नाही.

आम्लाचं तसं नसतं, आणि वर्गातली निम्मी मुलं इथेच अडखळायची. आम्लात आयन आधीपासून नसतात; ते पाण्यामुळे तयार होतात. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसचा (आम्लात लाल होणाऱ्या कागदाचा) रंग बदलत नाही. पाण्यात शिरला, की पाण्याचा रेणू त्याच्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेऊन स्वतः हायड्रोनियम होतो, मागे क्लोराइड उरतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लातला जवळजवळ प्रत्येक रेणू असा फुटतो. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल हायड्रोजन सहजी सोडत नाही, आणि सोडलेला परत घेत राहतं. ५ टक्के व्हिनेगरमध्ये दर २०० रेणूंमागे जेमतेम एक फुटलेला सापडतो. मिणमिणतेपणाचं कारण हे.

शाळेत मी दरवर्षी एक प्रयोग हट्टाने करायचे. शुद्ध ॲसेटिक आम्ल चंचुपात्रात घ्यायचं. दिवा बंद. मग ड्रॉपरने पाणी घालत जायचं. हळूहळू दिव्यात जीव येई. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पाणी घातलं तर आम्ल वाढलं!" त्या मुलाला मी फळ्यापाशी बोलावलं, कारण त्याने नेमकी गाठ पकडली होती. आम्ल विरल होत होतं, आयन मात्र वाढत होते. संहत-विरल म्हणजे पाण्यात आम्ल किती घातलं. तीव्र-सौम्य म्हणजे घातलेल्यातलं किती फुटलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकच मानल्यामुळे मुलांचे गुण जातात याचं मला आजही वाईट वाटतं. (हे शुद्ध आम्ल कातडी भाजतं, घरी आणू नका.)

पाण्यात सुटे प्रभारित कण फिरतात, ही कल्पना मोठ्यांनाही पचली नव्हती. स्वान्ते अऱ्हेनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात या विषयावर प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये याच कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता लेकीला आम्लारीही (आम्लाच्या उलट गुणांचा पदार्थ) तपासू द्या. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी घ्या. चुना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही. पण जेवढा विरघळतो, तो जवळपास सगळाच कॅल्शिअम आणि हायड्रॉक्साइड आयनांत सुटतो. दिवा व्हिनेगरपेक्षा उजळ लागायला हवा. निवळी डोळ्यांत उडू देऊ नका. एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर जोडा, नाहीतर तो जळेल. मिठाच्या पाण्यात शिसांपाशी बुडबुडे येतात, त्यात थोडा क्लोरीन असतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि दिवा पाहून झाला की बॅटरी लगेच काढा. भिंतीवरच्या प्लगची वीज या कामाला कधीही वापरू नका.