दुष्काळात जलड्रॅगन कुठं जातो?

प्रश्न: भाऊ, मी फँटसी कादंबरी लिहायलोय, त्यात नाथसागरात राहणारा जलड्रॅगन आहे, पण धरण आटलं की त्याचं काय करू? मारू का? – एक वाचक, पैठण

उत्तर: अहो मारता कशाला! आफ्रिकेतला लंगफिश बघा, पाणी आटलं की चिखलात बीळ करतो, अंगाभोवती चिकट कवच करतो अन् महिनोन्‌महिने फुफ्फुसानं श्वास घेत पडून राहतो. तुमच्या ड्रॅगनची अख्खी जातच तशी झोपणारी दाखवा, म्हंजे २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तसल्या उन्हाळ्यात हा गाळाखाली घोरायलाय अन् वर पोरं क्रिकेट खेळायलीत. डोळे-नाकपुड्या मगरीसारख्या डोक्यावर ठेवा. आग नको, आपल्याकडं ऊन काय कमी हाय का? शेपटी माशाची द्या, गंगादेवीचं वाहन असलेल्या मकर या काल्पनिक जलप्राण्यासारखी.