फॉरेन्सिक म्हणजे मढी फाडणं नव्हे

ताई, माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत आणि रिपीट करायला ती तयार नाही. आता फॉरेन्सिकमध्ये बीएससी करायचं म्हणते. सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलंय, ‘पोरीच्या जातीला मढ्यांचं काम?’ जवळच्या शहरातलं एक खासगी कॉलेज लगेच अॅडमिशन देतंय. काय करावं?
– एक आई, बार्शी

आधी सासऱ्यांचं बघू. त्यांना सांगा, मढं आमच्याकडे येतच नाही. पोस्टमॉर्टेम डॉक्टर करतात. त्याचं तज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस आणि पुढे फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी, ती वाटच निराळी. बीएससी फॉरेन्सिकवाल्यांच्या हाती येतात बरण्या, पाकिटं आणि पुडकी.

मी 31 वर्षं सरकारी प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी विषशास्त्र विभागात. संशयास्पद मृत्यूचा व्हिसेरा यायचा. एका बरणीत जठर आणि आतड्याचा भाग, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंडाचे काप, सगळं मिठाच्या संपृक्त पाण्यात. रक्ताची बाटली वेगळी. झाकण काढल्यावर फवारणीच्या औषधाचा भपकारा आला की अंदाज यायचा, पण वासावर रिपोर्ट लिहिता येत नाही. अर्क काढायचा, काचेच्या प्लेटवर ठिपके द्यायचे, रंग उमटवायचा, ठिपका कितीवर चढला ते मोजायचं, मग यंत्रावर खात्री. दिवसभर हेच. पोलीस ठाण्यात आजही आमच्या कागदाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. नावातच सगळं आलं.

आता मुलीशी बोलते. तू टायट्रेशनला फिनॉफ्थॅलीन वापरलं असशील. तेच अल्कलीत जस्ताच्या भुकटीबरोबर उकळून बिनरंगी करतात आणि त्याने रक्त शोधतात. एकदा ऊसतोडीचा कोयता आला होता. पात्यावर तांबूस डाग होते, म्हणून तपास अधिकारी खुशीत. डागांवर फिल्टर पेपर घासला, त्या बिनरंगी द्रावणाचा थेंब टाकला, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. काही नाही. तो नुसता गंज होता, पातं कुणीतरी घासून धुतलेलं. मग पात्याचं शेपूट लाकडी मुठीत जिथं शिरतं ती फट कोरली. तिथल्या कागदावर पेरॉक्साइड पडताक्षणी गुलाबी. गुलाबी पेरॉक्साइडच्या आधीच आलं असतं किंवा मिनिटभराने आलं असतं तर मी ते धरलंच नसतं, कारण हवेनेही तो कागद हळूहळू गुलाबी होतो. आणि बरोब्बर वेळेवर आलं तरी ते ‘रक्त असू शकेल’ इतकंच. काही भाज्यांच्या रसानेही तो रंग येतो. रक्तच आहे का, माणसाचंच आहे का आणि कुणाचं, या पुढच्या पायऱ्या. मालिकेत हे चाळीस सेकंदांत उरकतात. हा परिच्छेद वाचताना तुला कंटाळा आला असेल तर हे शिक्षण घेऊ नकोस. पुढे काय झालं असेल असं वाटलं असेल तर जरूर घे.

कॉलेजचं बोलायचं तर ‘लगेच अॅडमिशन’ या शब्दांनीच मला शंका आली. आपल्याकडे मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. पहिला प्रयत्न तिथे करा. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, 2020 च्या केंद्रीय कायद्याने झालेलं. त्याचं एक केंद्र गोव्यातही आहे. तिथे प्रवेश परीक्षा असते आणि फी सरकारी कॉलेजसारखी नसते, हिशेब आधी करा. खासगीतच जायचं ठरलं तर एक दिवस दोघी मिळून जा आणि प्रयोगशाळा उघडायला लावा. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र, दाखवतील. त्यावरची कापडी खोळ आधी बघा. खोळीवर धुळीचा थर असेल तर उलट पावली परत फिरा. शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम केलेलं कुणी आहे का, हेही विचारा.

नोकरीचं खरं सांगते. या पदवीत थोडं रसायन, थोडं जीवशास्त्र, थोडी भौतिकी, थोडा कायदा, थोडं सायबर असं पंगतीचं ताट असतं. चव सगळ्याची कळते, पोट एकानेही भरत नाही. म्हणून बीएससीवर थांबू नये, एमएससीला एक शाखा घट्ट धरावी. वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक या पदांच्या जुन्या जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा, म्हणजे रसायनशास्त्र सोडायचं नाही हे तिला आपोआप पटेल. माझी स्वतःची मुलगी असती तर मी तिला केमिस्ट्रीत बीएससी आणि मग फॉरेन्सिकमध्ये एमएससी करायला लावलं असतं, आणि तिने माझं ऐकलं नसतं. केमिस्ट्री पक्की असेल तर औषध कंपनीची किंवा अन्न तपासणीची प्रयोगशाळाही उघडी राहते.

मागणी मात्र वाढणार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या नव्या कायद्यात, 7 वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. माझ्या वेळी आम्ही टेबल सोडून क्वचित बाहेर पडायचो. आता रात्री-अपरात्री व्हॅनमधून जावं लागेल. हेही सासऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

मी फॉरेन्सिकच्या शेवटच्या वर्षाला आहे. हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांत रस आहे. मुंबईत कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळेल का? आणि कोर्टात तज्ज्ञाला फार घुमवतात म्हणे?
– विद्यार्थी, लातूर

अर्ज कर, पण या दोन विषयांसाठी पत्ता चुकतोय. महाराष्ट्रात ठसे आणि हस्ताक्षर हे काम गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे पुण्याला. शेवटच्या वर्षाच्या मुलाला हे कुणी सांगितलं नसावं, याचं वाईट वाटतं.

कोर्टाचं म्हणशील तर सरकारी तज्ज्ञाचा अहवाल बहुतेक वेळा साक्षीशिवायच वाचला जातो. पण समन्स येतं तेव्हा येतं. मला पहिल्याच साक्षीत बचावाच्या वकिलांनी विचारलं, ‘मॅडम, हे सील तुमच्यासमोर लावलं होतं?’ म्हटलं, नाही. ‘मग आतला शर्ट तोच, हे कशावरून?’ घशाला कोरड पडली. मग आठवलं, पुडक्यासोबतच्या पत्रावर सीलचा नमुना उमटवलेला असतो, तो मी ताडून पाहिला होता आणि ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ अशी नोंद केली होती. तेवढं सांगितलं. ‘नो फर्दर क्वेश्चन्स.’ ती एक ओळ लिहायला मी कंटाळले असते तर?

मला रक्त बघून चक्कर येते. तरी चालेल का?
– बारावीची विद्यार्थिनी, सावंतवाडी

चालेल. आमच्याकडे येणारे डाग बहुधा वाळून चहाच्या डागासारखे तपकिरी झालेले असतात. मला इतक्या वर्षांत एकदाच उलटी झाली. एका ठाण्याने रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे सोडून ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाखेचं सील ठोकलं होतं. पंधरा दिवसांनी पिशवी कापली तर आत हिरवी-काळी बुरशी, आणि तपासण्याजोगं काहीच उरलं नव्हतं. पुरावा गेला आणि माझा डबाही.