वसंत ऋतूत एवढं काय असतं? आपल्याकडे तर डायरेक्ट उन्हाळाच लागतो ना?

तसं वाटतं खरं, कारण वसंत म्हणजे चैत्र वैशाख आणि तेव्हा ऊन नुसतं मी म्हणत असतं, पण झाडं बघा ना, त्यांचा वसंत फाल्गुनातच चालू होतो. पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून टाकतात आणि मग नुसती लाल केशरी फुलं, त्यातला मध प्यायला मैना, बुलबुल, शिंजीर सगळ्यांची गर्दी. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो कुसुंब, मार्चमधे सह्याद्रीत घाटातून जाताना बघा, त्याची कोवळी पालवी एवढी लालभडक असते की लांबून फुलंच वाटतात! (थोडेच दिवस असतं ते, मग पानं हिरवी होतात.) आणि पहाटे कुहूकुहू ऐकू येतं तो नर कोकीळ बरं का, मादी असं गात नाही.

फायदा म्हणाल तर खाणंपिणं. पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला गूळ चिंच जिरं घालून, मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि वेलची घातलेलं पन्हं, उन्हातून आल्यावर ते प्यायलं की जीव गार होतो अगदी, कुठल्याच कोल्ड्रिंकला ती सर नाही.